एक जूनची मुलगी

सोनपेठ आणि पाथरीच्या मधल्या सात हायस्कुलांची मैदानी स्पर्धा आम्ही चार पीटी मास्तरांनी सुरू केली, याचा अभिमान मी वर्षानुवर्षं मिरवला. आज कुणी त्या स्पर्धेचं कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं. ते सगळ्यात जास्त माझ्यावरच फिरतं.

सुरुवातीला स्पर्धा साधी होती. दर वर्षी एका शाळेकडे यजमानपण असायचं. पावसानं उघडीप दिली की पोरंच मैदानातलं गवत उपटायची, आम्ही चुन्याची फक्की मारून ट्रॅक आखायचो. पोरं जीपमध्ये कोंबून यायची आणि अनवाणी पळायची. मग तालुक्याची निवडही आमच्याच स्पर्धेतून व्हायला लागली आणि शाळांना जिंकायची चटक लागली. सतरा वर्षांखालच्या गटात सकाळी दाढी करून आलेले गडी उतरायला लागले. एका गोळाफेकवाल्याला डबा घेऊन त्याची बायको आली होती, आणि त्याचे मास्तर तोंड वर करून सांगत होते की ती त्याची वहिनी आहे.

मी भडकलो. पुढच्या बैठकीत टेबल बडवून नियम करून घेतला : वयाचा पुरावा म्हणजे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, बाकी कुणाचं काही ऐकायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, मी स्पर्धा वाचवली.

आता ते रजिस्टर कसं भरतात ते सांगतो. पोराला डोक्यावरून हात टाकून पलीकडचा कान धरायला लावायचं. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, तारीख एक जून. आमच्याकडं अख्खी गल्ली एक जूनला जन्मलेली असते. त्यातून शाळेचा पट कमी पडत असला, तर गुरुजी कानाचीही वाट बघत नाहीत, सरळ एक वर्ष वाढवून नाव टाकतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी स्वतःची जन्मतारीख एक जूनच आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या नववीत एका मेंढपाळाची मुलगी होती, मेंढरांमागं फिरण्यात शाळेची काही वर्षं बुडालेली. तीन हजार मीटर अशी पळायची की मागच्या पोरी अर्धी फेरी मागं राहायच्या. तालुक्यातून पुढं जाऊन जिल्ह्याला पहिल्या दोघींत आली, तर क्रीडा वसतिगृहाच्या निवडचाचणीला जाता येणार होतं. तिला तेवढं एकच हवं होतं, कारण घरी तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती.

आमच्या स्पर्धेत तिच्या शर्यतीआधी दुसऱ्या शाळेच्या मास्तरांनी हरकत घेतली. उतारा उघडला. एक जून. कागदावर तिला सतरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.

तिची आई मेंढरं रस्त्याकडेला नवऱ्यावर सोडून टेबलापाशी आली. "आमची मेंढरं पोखर्णीच्या पुढं बसली व्हती, पंचमीचा सण व्हता, तवा ही झाली. मी जल्म दिलाय, मला ठावं न्हाई का? आवंदाच्या पंचमीला सोळा भरले हिला."

टेबलावरचे हसले. हरकत घेणारे मास्तर माझ्याकडं बघून म्हणाले की नियम तुमचाच आहे. तेव्हा मला बोलता आलं असतं. ही बाई खरं सांगतेय आणि रजिस्टर खोटं आहे, हे त्या टेबलावर प्रत्येकाला ठाऊक होतं. पण मला माझ्या नियमाची इज्जत पडली होती. मी उताऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "मावशी, कागदच खरा धरावा लागतो." या वाक्याची मला आजही शरम वाटते.

फक्कीच्या रेषेबाहेर बसून मुलीनं पूर्ण शर्यत बघितली. तारीख दुरुस्त करायला तहसीलचे खेटे घालावे लागतात, ते मी घालायला हवे होते. नंतर बघू, म्हणालो आणि विसरलो. हो, विसरलो.

पुढच्या जूनमध्ये तिचा बाप लग्नाची पत्रिका घेऊन शाळेत आला. मी त्याच्यावर ओरडलो. पोरगी अजून सतराचीही नाही, हा गुन्हा आहे, मी तक्रार करीन, असं बरंच काही बोललो. त्यानं शांतपणे सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला उतारा काढला. आमच्याच शाळेचा शिक्का, आमच्याच मुख्याध्यापकांची सही. त्या एक जूनला तिला अठरा पूर्ण झाले होते.

"सर, तुमीच म्हणले व्हते ना, कागदच खरा धरावा लागतो."

त्यात टोमणा नव्हता. त्यानं माझा शब्द मानला होता.