मामंजींच्या कुत्र्याचे गोचीड

लग्न होऊन मी भवानी पेठेत आले तेव्हा घरात माणसं तीनच: नवरा, मी आणि मामंजी. मामंजींची दृष्टी पार गेलेली. त्यांचा एक पाळलेला कुत्रा होता; त्याच्या गळ्यातली सुंभाची दोरी धरून ते त्याच्या मागं चालायचे. पारावर जायचं असो की देवळात, तोच त्यांना न्यायचा. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, अशी तेव्हाची रीत. मी ताट ठेवायची, ते जेवायचे. बोलणं नव्हतंच.

एका उन्हाळ्यात कुत्र्याला गोचीड झाले. कानात, मानेवर, बोटांच्या बेचक्यात, भिजवलेल्या हरभऱ्यासारखे टम्म फुगलेले. कुत्रं खाईना, उठेना. मामंजींचं बाहेर जाणंही थांबलं. नवऱ्यानं घासलेट चोळून पाहिलं, तर कातडी लालभडक झाली आणि ते बिचारं कण्हत पडलं.

"आबा, हे आता जगत न्हाय," नवरा म्हणाला. "जेऊरला निघालोय, वाटंत सोडून येतो."

"ऱ्हाऊ दे हितंच," मामंजी एवढंच म्हणाले.

नवरा एकटाच गेला. दुपारी मी पाहिलं तर मामंजी चाचपून चाचपून गोचीड उपटत होते. प्रत्येक हिसक्याला कुत्रं कळवळायचं. माहेरी शेळ्यांचे गोचीड मी काढलेले होते. मला राहवलं नाही.

"हिसका देऊ नका मामंजी. तोंड आत तुटून राहतं."

बोलून गेले आणि जीभ चावली. ते थबकले.

"मग कसं काढायचं, पोरी?"

"कातडीलगत धरायचं आणि हळू, सरळ वर."

"मला दिसत न्हाय की गं."

"तुम्ही शोधा. मी काढते."

काटे काढायचा चिमटा घेऊन मी शेजारी बसले. त्यांची बोटं केसांतून फिरायची, थांबायची. तिथं मी चिमटा लावायची. निघालेला गोचीड मिठाच्या पाण्यात. मग कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं कुत्र्याला धुतलं, वरून करंजाचं तेल अगदी हलक्या हातानं लावलं.

"भिताडात बी असत्यात ते," मामंजी म्हणाले. तेव्हा कुत्र्याच्या निजायच्या जागेचं गोणपाट जाळलं, भिंतीच्या फटी चुन्यानं लिंपल्या.

रोज दुपारी आमचं हेच काम. एकदा मध्येच त्यांनी विचारलं, "रंग कसा हाय गं ह्याचा?"

मी चमकले. डोळे गेल्यावर आणलेलं कुत्रं. त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"तांबडा. छातीवर पांढरा ठिपका हाय."

"व्हय? मला आपला काळाच वाटत हुता!" ते इतके हसले की कुत्र्यानंही मान वर केली.

हळूहळू ते दूधभाकरी खाऊ लागलं. एके सकाळी स्वतःच उठून दारात जाऊन उभं राहिलं. मामंजी घाईघाईनं पागोटं बांधू लागले, ते काही नीट बसेना.

"थांबा," मी म्हणाले आणि पागोट्याचा सुटा शेव खोचून दिला.

पुढच्या उन्हाळ्यातही गोचीड आलेच. पण त्या वेळी मामंजींनीच स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "पोरी, चिमटा आण गं."