सोसायटीच्या गेटवरचा फ्लेक्स आणि मस्कतची गोलकीपर

मस्कतला जायचं ठरलं ते एका फोटोमुळे. माझ्या दादाने फॅमिली ग्रुपवर टाकला होता. त्याची मुलगी सई, वय सतरा, लाल जर्सी, हातात गोलकीपरचे ग्लोव्हज, खाली लिहिलेलं, ‘नॅशनल टीमच्या मुलींबरोबर प्रॅक्टिस.’ मी पुण्यात एका शाळेत पीटी शिकवते, चोवीस वर्षं खो-खोची पोरं घडवतेय. माझ्या भाचीने देशाच्या टीममध्ये जायचं आणि मी गप्प बसायचं, हे कसं जमावं? मी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर ढकलला. संध्याकाळपर्यंत सेक्रेटरी जोशीकाकांनी गेटवर फ्लेक्स चढवला सुद्धा. ‘ओमानच्या राष्ट्रीय महिला फुटबॉल संघात निवड झाल्याबद्दल कु. सईचे हार्दिक अभिनंदन.’ शुभेच्छुकांत पहिलं नाव माझं.

निवडीची यादी अजून लागायची होती. शनिवारी लागणार, असं दादा म्हणाला होता. म्हणजे औपचारिकता, असं मी धरून चालले आणि पेढे घेऊन विमानात बसले.

मुंबईहून मस्कत तीन तासांच्या आत येतं. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी नीट बघून घ्या. जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा, एरवी भाजून निघाल. एक रियाल म्हणजे आपले दोनशेच्या वर रुपये, त्यामुळे पहिल्या दिवशी मी प्रत्येक गोष्टीचा गुणाकार करून हाय खात होते. दादाचं घर अल् खुवैरला. सगळीकडे ऑफिसं, मंत्रालयं, चकाचक रस्ते आणि चालणारं माणूस औषधाला नाही. कोथिंबिरीची जुडी आणायला वहिनीने गाडी काढली तेव्हा मी थक्क झाले. मला वाटलं, इथला मोठा धक्का हाच असणार.

सई मला बघून लाजली. मराठी अडखळत बोलते, पण गोड. “आत्या, तू शनिवारी येशील ना? प्रॉमिस?”

“अगं, त्यासाठीच तर आलेय. पेढे आणलेत.”

ती हसली आणि खोलीत गेली. ते हसू मला तेव्हा कळलं नाही. मी इतकी मोठी बाई, रोज पन्नास पोरींचे चेहरे वाचते, आणि घरातल्या पोरीचा वाचता आला नाही.

शनिवारी सकाळी मी सावंतांच्या मिनीबसमधून बरका या किनाऱ्यावरच्या गावी गेले. सावंत मालवणकडचे. बरका आणि आसपासच्या मुलींना प्रॅक्टिसला आणणं-सोडणं हे त्यांचं काम. मस्कतहून तासाभराचा रस्ता, एका बाजूला खजुराच्या बागा. सकाळी पोचलात तर मासळीबाजार चुकवू नका. सुरमई बघून सावंतांचा चेहरा उजळला, आणि माझाही. टपरीवर कडक चहा आणि चीज लावलेली पातळ ओमानी रोटी खाल्ली, दोघांचं मिळून एक रियालही झालं नाही.

दुपारी आम्ही मुली गोळा करायला लागलो. सावंतांची पद्धत बघण्यासारखी होती. प्रत्येक घरापुढे ते खाली उतरतात, बेल वाजवतात, वडील किंवा आजोबा बाहेर येतात, सलाम, हालहवाल, मग मुलगी येते. पाच मिनिटं एका घरी. मला घाई, मी म्हटलं, “हॉर्न वाजवा की.”

“नाय ताई,” सावंत म्हणाले. “हॉर्नान पोरगी भायर येयत, पण बापाशीचो विश्वास नाय येवचो. चार वर्सां झाली मी ह्या पोरींका आणतंय. पयली तिघीच होती. आता बघा, सीट नाय.”

खरंच नव्हती. मागे चौदा जणी, डोक्याला घट्ट बांधलेले स्पोर्ट्स हिजाब, मांडीवर बूट, आणि कलकलाट असा की माझी शाळेची सहल लाजेल. सगळ्यात पुढे मरियम बसली होती, तीही गोलकीपर. तिने मला तोडक्या हिंदीत सांगितलं, “पहले मैं बॉल आता तो आँख बंद. सई ने सिखाया, आँख खुली रखो.” मला अभिमान वाटला. आणि खरं सांगते, मनात आलं, बाई गं, आज तुला बेंचवर बसावं लागणार.

प्रॅक्टिसचं टर्फ मस्कतच्या अल मवालेह भागात. वहिनी सईला घेऊन आधीच आली होती. मी पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसले. तासभर खेळ झाला. मी फुटबॉलवाली नाही, पण झेप कळते. सईने डावीकडे अंग टाकून एक बॉल असा अडवला की मी जागची उठले. मरियमने दोन अडवले, एक सोडला.

मग कोच हुदांनी सगळ्यांना गवतावर गोल बसवलं. त्या यादीचा कागद चिकटवत नाहीत, प्रत्येकीकडे बघून तिचं नाव घेतात. एकेक नाव, टाळ्या. गोलकीपर, मरियम. दुसरी गोलकीपर, कुणी शेखा. यादी संपली.

सई सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती.

माझं डोकं सटकलं. इतकी वर्षं निवड समित्यांचे खेळ बघितलेत मी, वशिला मला लांबून दिसतो. पदर खोचून कोचकडे निघाले. सावंत आडवे आले.

“ताई, रवा. लिस्टात सईचा नाव कसा येतला? पासपोर्ट इंडियाचो मां?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? हयसर जन्माक येवन नागरिक होवक नाय. मी अठरा वर्सां आसंय. रस्तो तेंचो, गाडी तेंची, चालवतंय मी.”

मी गर्रकन वळले. वहिनीकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, “आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. इथे सगळ्यांना माहीतच असतं, त्यामुळे कुणी बोलत नाही.” म्हणजे दादाला माहीत, वहिनीला माहीत, ड्रायव्हरला माहीत. आणि मी गेटवर फ्लेक्स लावून आले.

सई आली, घामाने निथळलेली. मी विचारलं, “तुला कधीपासून माहिती?”

“बारा वर्षांची होते तेव्हापासून. कोचनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाल्या, तुला टीम देऊ शकत नाही, प्रॅक्टिस देऊ शकते. चालेल? मी म्हटलं, चालेल.”

“पाच वर्षं तू दुसऱ्यांसाठी उड्या मारतेस?”

“दुसऱ्या नाहीत ना, आत्या. माझ्याच आहेत.” मग तिचा आवाज फुटला. “आज थोडं जास्त वाईट वाटलं. तू पेढे आणलेस म्हणून.”

मी तिला जवळ घेतलं. मला रडू आलं, लाज वाटली, रागही आला, कुणावर ते कळेना. म्हटलं, “भारतात ये, तिथून खेळ.” ती म्हणाली, “ट्राय करीन. पण तिथे मला कोण ओळखतं?”

डोळे पुसून सईने बॉक्स उचलला आणि स्वतः पेढे वाटले. पहिला मरियमला. मरियम तो हातात धरूनच रडायला लागली. कोच हुदा माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “आमच्या या मुलींच्या आया कधी खेळल्या नाहीत. शिकवायला कुणी मोठी बहीण नव्हती. सई ती झाली.” मी भांडायला निघालेली बाई, मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

पुण्यात परतले. प्रवासाचा हिशेब मांडायचा तर मस्कत सुंदर आहे, रस्ते लोण्यासारखे आहेत, बरक्याची सुरमई अजून आठवते. पण जीव अडकलाय तो त्या टाळ्यांत. इथे गेटवर फ्लेक्स तसाच होता. मी सईला फोन केला, म्हटलं, “उतरवते गं, चूक माझी आहे.”

 ती म्हणाली, “आत्या, काढू नको. नाव बदल. मरियमचं टाक. फोटो नको, तिच्या बाबांना आवडणार नाही. मी तिला विचारलंय, ती हो म्हणाली.”

परवा नवा फ्लेक्स लागला. ओमानची गोलकीपर मरियम हिचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुकांत पहिलं नाव सईचं, दुसरं माझं. जोशीकाका चष्मा वर-खाली करत बराच वेळ वाचत उभे होते.

“कोण हो ही मरियम? आपल्या कुठल्या विंगमधली?”

“आपल्या सईची विद्यार्थिनी आहे,” मी म्हटलं, आणि त्यांना बरक्यापासून सगळं सांगायला बसले.