पार्किंगखालची तालीम

कॉलेजातला मित्र बालाजी, त्याचा फोन आला तेव्हा माझं सुट्टीत कोकणात जायचं चाललं होतं. त्याच्या वडिलांचा, तात्यांचा, आमच्या कॉलेजात सत्कार आहे, नव्या जिमला त्यांचं नाव देणार आहेत, तू ये. तात्या म्हणजे आमचे वस्ताद, कॉलेजात आम्हाला कुस्ती शिकवणारे. कोकण गेलं खड्ड्यात म्हटलं आणि शनिवारी पहाटे पुण्याहून गाडी काढली.

टेंभुर्णीपर्यंत रस्ता झकास. पुढं कुर्डुवाडी, बार्शी करत येडशी गाठा. मधले काही पट्टे कंबरडं मोडतात, सांगून ठेवतो. रामलिंगाच्या देवळात पायऱ्या उतरून जायचं, पण खायची पिशवी गाडीतच ठेवा, तिथली माकडं लई आगाऊ. जेवायला ढाब्यावर शेळीचं मटण आणि ज्वारीची भाकरी, दोघांचं पाचशेत भागतं. ईट गावाकडून जाणार असाल तर खवा घ्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेज. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बालाजी तिथंच तासिकेवर शिकवतो, अजून पक्का नाही.

आमच्या वेळी मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड होती आणि आत मातीचा हौद. नव्या पोरानं पहिल्या दिवशी आपल्या रानातली पाटीभर माती आणायची, हीच वस्तादांची फी. सोनारीची, येडशीची, कुठली कुठली माती हौदात पडायची. वस्ताद स्वतः ताक, तेल, हळद घालून ती कालवायचे. एकदा कालवली की कुणाचा बाप बागायतदार आणि कुणाचा सालगडी, हे तिथं कुणी विचारायचं नाही. त्या मातीतून पोरं फौजेत गेली, पोलिसात गेली. चप्पल घालून तिथं प्राचार्यसुद्धा कधी आले नाहीत.

आता तिथं काचेची जिम आहे. हौदाची माती कुठं गेली म्हणून शिपायाला विचारलं.

"भरावाला वापरली की. ह्या पार्किंगच्या खाली."

माझी गाडी तिथंच उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बालाजीच्या मोटरसायकलवरून वस्ताद आले. पार्किंगच्या कडेला त्यांनी चपला काढल्या, वाकून पेव्हर ब्लॉकला हात लावला, कपाळाला लावला आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालत गेले. संस्थेचे अध्यक्ष माईकवर म्हणाले, विद्येच्या मंदिरापुढं नतमस्तक होणारा असा गुरू आता होणे नाही. टाळ्या पडल्या. काय बोलावं ह्या लोकांना!

माजी विद्यार्थी म्हणून माझं नाव पुकारलं. आज ह्यांची चांगली जिरवायची, असं ठरवूनच मी स्टेजवर चढलो. खुर्चीजवळून जाताना वस्तादांनी मनगट धरलं. म्हातारपणातही पकड तीच.

"बालाजीची पक्की ऑर्डर निघायचीय," ते हळूच म्हणाले. "हात जोड आन खाली बस."

मी हात जोडले, संस्थेचे आभार मानले आणि खाली बसलो. अजून त्या आभारांची जिभेवर चव आहे.

संध्याकाळी त्यांना सोनारीला घरी सोडलं. काळभैरवाचं दर्शन घेतलं. देऊळ बघण्यासारखं आहे, जरूर जा. वस्ताद वाटेत पावसापाण्याचं बोलले, माझ्या पोरांची चौकशी केली. तालमीचा शब्दही काढला नाही.

पुण्यात येऊन महिना झाला. फोटो बघून लोक विचारतात, ट्रिप कशी झाली. रामलिंग छान, मटण छान, म्हणतो. जिमवरची त्यांच्या नावाची पाटी मात्र कुणाला दाखवत नाही, राग येतो.

परवा बालाजीचा फोन आला. पक्की ऑर्डर निघाली, पण ती अध्यक्षांच्या साडूच्या पोराची. बालाजीला पुढच्या वर्षी तासिकाही मिळणार नाहीत. मग त्यानं फोन वस्तादांकडं दिला. 

"म्या तुला उगंच खाली बसीवलं," म्हणाले, आणि फोन ठेवला.