बिनदाराचं कपाट

बालवाडीसाठी कपाट विकत घेऊ नकोस, मी करून देतो, असं सासरे म्हणाले आणि मी लगेच हो म्हटलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी आपणहून काही करायला घेतलंच नव्हतं. सगळी हयात काचीगुडा स्टेशनच्या गजबजाटात गेलेला माणूस विद्यानगरच्या आमच्या घरात नुसता बसून असायचा. मी खालच्या खोलीत बालवाडी नुकतीच सुरू केली होती आणि खेळणी पुठ्ठ्याच्या खोक्यांत कोंबून ठेवलेली होती.

शेजारचं जुनं घर पाडत होते. तिथून त्यांनी एक सागवानी दार मागून आणलं. बेगम बाजारातून सुक्या मेव्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या मिळाल्या. मग अंगणात करवत चालू लागली, रंधा चालू लागला. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "हौ, आलोच," आणि यायचे नाहीत.

कपाट देखणं झालं. पण त्याला दोन दारं होती, आणि कडी माझ्या खांद्याशी.

"बाबा, मुलांचा हात कसा पोचणार?"

"पोचायलाच नक्को. उघडं ठेवलं तर सगळं काढतील."

"काढावं म्हणूनच तर ठेवायचं."

"तुमच्या पुण्यात असेल तसं," ते म्हणाले आणि हत्यारं गोळा करायला लागले.

मला राग आला. एवढी मेहनत केलेल्या माणसाला आणखी काय बोलणार? कपाट तसंच वर्गात गेलं.

दुसऱ्या दिवशी एक बिजागरी कुरकुरते म्हणून ते तेलाची कुपी घेऊन वर्गात आले. कपाटासमोर एक मुलगा उभा होता. त्याने दारावर हळूच टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं. मग सासऱ्यांकडे वळून तेलुगूत विचारलं, "ताता, लोपल एवरु?" आजोबा, आत कोण आहे?

 सासरे इतके हसले, की सगळी मुलं त्यांच्याकडे बघायला लागली. "कोणी नाही रे बाबा," ते म्हणाले आणि पेचकस आणायला वर गेले. संध्याकाळपर्यंत दोन्ही दारं निघाली होती. मी कितीतरी वेळ समजावूनही जे झालं नसतं, ते त्या पोराच्या एका प्रश्नाने झालं. मला थोडं खट्टूही वाटलं, खोटं कशाला बोलू?

दारं गेल्यावर मुलांनी खरंच सगळं काढलं. पहिले काही दिवस वर्गात पाय ठेवायला जागा नसे. त्याच दिवसांत एका नव्या मुलीने तळाच्या कप्प्यातले ठोकळे बाहेर ढकलले आणि स्वतः आत जाऊन बसली. तोवर ती रोज वर्गाच्या दाराशी उभी राहून रडत होती. आत बसल्यावर रडणं थांबलं. मी तिला बाहेर बोलावणार, तेवढ्यात सासरे म्हणाले, "राहू दे. नव्या जागेत माणसाला पाठीमागे भिंत लागते."

ते तिच्याबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या कप्प्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या.

वर्ष सरता सरता तिचे गुडघे आत मावेनासे झाले. मग ती आपणहून बाहेर, इतरांच्यात बसायला लागली. तो कप्पा आम्ही अजून रिकामाच ठेवतो. ठोकळे वरच्या कप्प्यात जरा दाटीने बसतात.