एकही बहीण नसलेला मामा

मनीषनगरात मार्तंडरावांचं घर विचाराल तर कोणी सांगणार नाही. मामाचं घर विचारा, गल्लीतलं कुत्रंसुद्धा फाटकापर्यंत सोडून येईल. गंमत अशी की या मामाला सख्खी, चुलत, मावस, कसलीच बहीण नव्हती. बायकोही नव्हती. का नव्हती, यावर महादेवरावांच्या पानठेल्यावर बरीच मतं होती. त्यातली निम्मी मीच पसरवलेली, म्हणून इथे लिहीत नाही.

वीज मंडळातून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर या गृहस्थाने वरच्या खोल्या कॉलेजच्या पोरांना दिल्या. त्यातही निवड अशी की ज्याच्या घरातून आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही, तोच पोरगा हवा. पहिल्याच वर्षी एका पोराची आई शिदोरी ठेवता ठेवता म्हणाली, "भाऊ, पोराकडे ध्यान ठेवजा." झालं! तिने भाऊ म्हटलं, म्हणजे पोरगा भाचा ठरला. तिथून मार्तंडरावांना दर जूनमध्ये एखादी बहीण होऊ लागली.

आता आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. पुण्याकडच्यांना सांगितलं की ते हसतात, पण आपल्याकडे भाचा म्हणजे देवाच्या जागी. मामा त्याला टाकून बोलत नाही, त्याचा कान धरत नाही. मार्तंडरावांनी हे सगळं अक्षरशः घेतलं. परीक्षेच्या सकाळी पोरं निघाली की हा पांढऱ्या केसांचा माणूस फाटकाशी वाकून एकेकाच्या पायाला हात लावायचा. पोरं लाजून पाय मागे घ्यायची.

"मार्तंडराव," मी रस्त्यावरून ओरडायचो, "तुमचा हा देव मागच्या वेळी गणितात गेला होता!"

"देव नापास होत नसतो. तुम्ही आपलं पान चघळा."

कॉलेजात पालकसभा असली की पोरांचे आईबाप येत नसत. एक तर कामाचा खाडा, दुसरं म्हणजे साहेबासमोर खुर्चीवर बसायचं कसं, ही धास्ती. मग मामा जायचे. मोबाइल नंबरही पालकाच्या जागी मामांचाच. एका मॅडमने वैतागून विचारलं म्हणे, "तुम्हाला बहिणी आहेत तरी किती?" हे म्हणाले, "अजून होताहेत."

थट्टा पुष्कळ केली, पण पोरं पास व्हायची, हे मान्य करावं लागेल. मोठ्या भाच्याने लहान भाच्याला शिकवायचं, इंग्रजीत अडलं तर मराठीत विचारायचं, आणि उपाशी पोटी कोणी वर्गात जायचं नाही, एवढाच त्या घरचा कायदा. एक पोरगी तर, मिनल तिचं नाव, समोरच्या होस्टेलवरून येऊन इथे शिकून गेली आणि आता बंगळूरला इंजिनिअर आहे.

मग सुशील आला.

कळमेश्वरच्या पुढचं गाव. बाप शालिकराम, घरची शेती, मोजकं बोलणारा. आई प्रेमिला, तिच्याकडे पाहिलं की वाटे आत्ताच हसून थांबली आहे. गावच्या शाळेत सुशील पहिला. त्याचा सत्कार झाला तेव्हा शालिकरामने फेटा बांधला होता. तो फोटो सुशीलच्या खोलीत भिंतीवर होता. दर भाऊबीजेला प्रेमिला पहिल्या बसने यायची, मार्तंडरावांना ओवाळायची आणि पोराच्या केसांना तेल लावून परत जायची. मार्तंडराव त्या दिवशी नवा सदरा घालून सकाळपासून ओसरीवर. आम्ही ठेल्यावरून म्हणायचो, "नवरदेव बसला पाहा!"

पहिलं वर्ष सुशीलने कसंबसं काढलं. वर्गात सगळं इंग्रजीत, आणि हा गावचा पहिला. न समजलेलं विचारायचं म्हणजे पहिला नंबर परत करण्यासारखं वाटे त्याला. दुसऱ्या वर्षी तो नापास झाला. एकदोन विषयांत नाही, चांगलाच. कॉलेजचा फोन आला तो मार्तंडरावांना.

सुशीलने त्यांचे हात धरले. "मामा, बाबांले सांगू नोका. मी काढून घेईन सगळे विषय. पाया पडतो तुमच्या."

पाया पडतो म्हणाला! भाच्याने मामाच्या पाया पडणं म्हणजे काय, हे मार्तंडरावांच्या लेखी तुम्ही समजू शकता. त्यांनी शब्द दिला.

इथून पुढे दर आठवड्याला शालिकरामचा फोन यायचा. "कसा हाय पोरगा?"

"छान. अभ्यास करून राहिला."

मार्तंडरावांनी शिकवणी लावली, ते सरांना भेटले, मोठे भाचे बोलावले. सुशील मान हलवायचा. दप्तर घेऊन रोज वेळेवर निघायचा. पुढे एकदा मीच त्याला पाहिलं, सिग्नलवर, पाठीला घरपोच जेवण पोचवणाऱ्यांचा मोठा चौकोनी डबा. अशी बातमी माझ्या पोटात राहते होय? चुन्यासकट जाऊन ओतली.

मार्तंडराव म्हणाले, "माहीत आहे मला."

"मग दोन द्या ना ठेवून!"

"भाचा आहे तो."

"अहो, निदान बापाला कळवा."

"शब्द दिलाय. आणि परत बसणार आहे तो परीक्षेला. यंदा नक्की."

यंदा गेलं, त्यापुढचंही गेलं. भाऊबीजेला प्रेमिला तेल लावून जात राहिली.

या मे महिन्यात शालिकराम न कळवता आला. सोबत प्रेमिला. त्याच्या डोक्यावर फेटा होता, तोच फोटोतला. मी नेमका ओसरीवर चहा पीत होतो.

"मार्तंडराव, संगच्या पोराईचं आखरीचं साल झालं म्हनते. म्हटलं आपल्याचा फोटो काढू कालेजात. हा कुठी हाय?"

मार्तंडराव उभे राहिले, पुन्हा बसले. मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

शालिकरामने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्याने फेटा उतरवून मांडीवर ठेवला.

"तुमाले सारं मालूम होतं?"

"होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं गा भाऊ?"

"भाच्याला शब्द दिला होता."

"मामा पाया पडते, बरोबर हाय. पन कान धराले बाप लागते ना. तुमी बापाच्या जागी जाऊन बसले, अन् कानबी नाही धरला." मग जमिनीकडे पाहत तो म्हणाला, "मी दहावीत दोनदा फेल झालतो. घरून पळूनबी गेलतो. माह्या बापानं शोधून आनलं अन् जेवाले वाढलं. सुशीलले हे सांगतलं असतं मी. कधी कामच नाही पडलं. तो त पहिला येत होता."

प्रेमिला म्हणाली, "काही नाही होत जी. येऊ द्या त्याले, मी बोलतो." आणि दाराकडे तोंड करून बसली.

सुशील आला होता. फाटकाजवळ बापाच्या वहाणा दिसल्या आणि गाडी तशीच वळवली. महादेवरावांनी ठेल्यावरून हाका मारल्या, थांबला नाही. भिवंडीकडे कुठल्याशा गोदामात आहे, एवढं मागाहून कळलं. मित्राच्या फोनवरून आईशी बोलतो. बाप फोन घेतो म्हटलं की ठेवून देतो. मामांशी तर नाहीच. मार्तंडराव भिवंडीला जाऊन आले. भेट झाली नाही. ठेल्यावर कोणी विचारलं नाही, मीसुद्धा.

जूनमध्ये कन्हानहून एक नवा पोरगा आला, हर्षित. बाप त्याला सोडून लगेच निघाला होता. मार्तंडरावांनी त्या बापाला दंडाला धरून कॉलेजात नेलं, साहेबासमोरच्या खुर्चीवर बसवलं, पालकाचा नंबर म्हणून त्याचाच नंबर लावायला सांगितलं. तो माणूस घामाघूम. "पोरगा नापास झाला तर फोन तुम्हाला येईल," हे म्हणाले. "घाबरायचं नाही. उचलायचा."

पोरगा घरी येऊन म्हणाला, "मामा, पानी कुठी हाय?"

"मला काका म्हण."

ठेल्यावर ही गोष्ट आली तेव्हा माझ्या जिभेवर एक चांगला टोमणा आला होता. गिळला.

दिवाळी झाली. भाऊबीजेला मार्तंडराव जुनाच सदरा घालून आत बसले होते. पहिली बस येऊन गेली, दुसरीही. दुपारच्या बसने प्रेमिला आली. तिच्याकडे ताट नव्हतं, पिशवीत तेलाची बाटली मात्र होती, दरवर्षीसारखी. ओवाळणीचं तिने काढलं नाही, यांनीही नाही. तिने वरची खोली उघडायला लावली, झाडून काढली, भिंतीवरचा फोटो पदराने पुसला आणि जागच्या जागी टांगला.

जाताना ती बाटली मार्तंडरावांच्या हातात दिली.

"भाऊ, इकडं आला पहिले, त लावून द्यान. डोकं लवकर तापते त्याचं."

मार्तंडराव तिला बसपर्यंत सोडायला गेले. बाटली हातातच होती.