मला न दिलेला चेंडू

चांदूर रेल्वेच्या फलाटावर आई रडली नाही. वर्ध्याकडची पॅसेंजर आली, मी ट्रंक आत ढकलली, तेव्हा खिडकीशी येऊन ती एवढंच म्हणाली, "तिकडं कोनी इचारलं त आपुन बुद्ध हाओ म्हून सांगजो. लपवजो नोको." बाबा धामणगावच्या जिनात रुईच्या गाठी बांधायचे. त्या दिवशी खाडा करून आले होते. मुलाला मद्रासला रेल्वेत नोकरी मिळाली, तीही बास्केटबॉल खेळतो म्हणून, हे त्यांना गाडी हलेपर्यंत खरं वाटत नव्हतं.

कप्तान, या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. परवा तुझं पत्र आलं. कॉलेजात माझा फोटो लावायचा आहे, सत्काराला यावं, आणि संघानं मला कसं घडवलं यावर चार शब्द बोलावेत. पत्रात तू मला चक्क 'आपण' म्हटलं आहेस. वाचून माझं डोकं फिरलं.

अमरावतीच्या त्या मातीच्या कोर्टावर मी कॉलेजच्या चारपैकी तीन वर्षं फॉरवर्ड खेळलो. उजव्या कडेनं पळायचो, मोकळा उभा राहायचो, हात पुढे करायचो. चेंडू यायचा नाही. एकदा मी ओरडून मागितला तर तू म्हणालास, "कावून बे, लई घाई झाली का तुले?" आणि बाकीचे तिघं हसले. तुम्ही कुणी जातीचं नाव काढलं नाही, हे कबूल. काढायची गरजच नव्हती. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कोनी देईन म्हून थांबू नोको. जाय अन घे." मग मी मागणं सोडलं. तुमचे नेम चुकायचे, चेंडू बोर्डावर आदळून परत यायचा, तो मी चार जणांच्या डोक्यावरून उडी मारून घ्यायचो. तुमचे नेम पुष्कळ चुकायचे, त्यामुळे मला काम भरपूर होतं.

शेवटच्या वर्षी हंगाम सुरू होताना कळलं की रेल्वेचा माणूस आपले पहिले तीन सामने पाहणार आहे आणि त्याला एकच फॉरवर्ड हवा आहे. तूही फॉरवर्ड, मीही. अकोल्यात पहिला सामना होता. जठारपेठेत आपण उतरलो होतो, तिथं माझ्यासमोर तू सगळ्यांना बजावलंस, "चेंडू मलेच द्याचा." नोकरी तुलाही हवी होती, ते मी समजू शकतो. पण तुझ्या घरी ओलिताचं शेत होतं. माझ्या घरी बाबांचे दोन हात होते.

तिन्ही सामने तू फेकत राहिलास आणि मी उचलत राहिलो. तिसरा संपल्यावर तो माणूस आपल्या सरांना म्हणाला, "इसको कोई गेंद नहीं देता, फिर भी गेंद इसी के पास रहती है." आठ दिवसांनी पत्र माझ्या नावानं आलं.

तर हो, तुम्ही मला घडवलंत. काय घडवलंत तेही ऐक. मद्रासला सरावाच्या पहिल्या दिवशी एका खेळाडूनं मला सरळ छातीवर चेंडू दिला. माझे हात खालीच होते. तो तोंडावर आदळला, ओठ फुटला, संघातली मंडळी हसली. दुसऱ्यांदा दिला, तेव्हाही सुटला. बाविसाव्या वर्षी मी दिलेला चेंडू झेलायला शिकलो. रोज ड्यूटीनंतर तासभर, महिनाभर. पार्सल ऑफिसमधला एक तमिळ क्लार्क न कंटाळता समोर उभा राहून फेकायचा. त्याला मी कारण सांगितलं नाही, लाज वाटली. लाज मला का वाटावी, याचा संताप आज होतो.

मी येणारच नव्हतो. पण बाबांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं आहे, "जाय. आपल्या पोट्ट्याइनं तो फोटो पाह्यला पाह्यजे." म्हणून येतो. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दे. मी तिथं हे सगळं असंच बोलणार आहे. पटत नसेल तर फोटो लावूच नकोस.

माझ्या मुक्कामाची सोय करू नकोस. कार्यक्रम झाला की बाबांबरोबर चांदूरला जाईन. घर म्हटलं की मला आता दोन ठिकाणं आठवतात, चांदूरची आमची खोली आणि इथलं क्वार्टर. अमरावतीत मी चार वर्षं राहिलो. तेही माझं घर झालं असतं, तुम्ही होऊ दिलं नाही.