मावंद्याला न फोडलेला गडू

आमचे हे दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी मी बोलून बसले, की काशीला जाऊन गंगा आणीन आणि मावंदं घालीन. लघवीच्या जंतुसंसर्गाने महिनाभर खाटेला खिळले होते. एकेक औषध हरत गेलं, शेवटचं एक इंजेक्शन तेवढं लागू पडलं. मावंदं म्हणजे गंगेच्या तोंडबंद गडूची पूजा करून तो सगळ्यांदेखत फोडायचा, तीर्थ द्यायचं, चार माणसं जेवू घालायची. "पहिलं तीर्थ माझं," ह्यांनी बजावलं.

ननंदेला ह्यांच्याजवळ ठेवून मी एकटीच निघाले. पुण्याहून रेल्वेने एक दिवस नि वर काही तास. डब्यात दशम्या आणि चटणी न्या, गाडीतलं जेवण घशाखाली उतरत नाही. स्टेशनवरून ई-रिक्षा मैदागिनपर्यंत, पुढे गल्ल्यांतून पायीच, तेव्हा सामान बेताचं घ्या. बहिणीची मुलगी शुभदा दूधविनायकात एका जुन्या मराठी कुटुंबाकडे भाड्याने राहते. ती जंतूंची शास्त्रज्ञ, नदीच्या पाण्यातले जंतू औषधांना किती दाद देतात ते तपासते. घरमालकीणबाईंनी कचौडी पुढे ठेवत सांगून टाकलं, "आता गंगाजी बहुत साफ झाल्यायत हो. पण हिला नाल्यांशिवाय काही दिसतच नाही, काय करणार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचगंगा घाटावरून नाव केली. पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. शुभदाजवळ बाटल्या आणि बर्फाचा डबा. नाव नाल्याच्या तोंडाशी न्यायला सांगितल्यावर नाववाला हसला. "लोग अमृत ले जाते हैं, दीदी, आप नाली ले जाती हैं!"

"अमृत में क्या-क्या घुला है, वही तो देखना है, भैया."

तिने नाल्याशी एक बाटली भरली, मग मधल्या धारेत दुसरी. मधल्या धारेतच मीही गडू भरून घेतला, हात जोडले, फुलं सोडली. पाठोपाठ कनवटीची पुडी सोडून त्यातल्या गोळ्याही सोडल्या. शुभदाने माझं मनगट धरलं, पण तोवर पुडी रिकामी झाली होती.

"मावशी, काय टाकलंस?"

"काकांच्या उरलेल्या गोळ्या. दुखणं गंगेला वाहिलं."

"उरल्या कशा?"

"ताप उतरला की मी बंद करायची. उगाच कशाला पोटात? अडीअडचणीला शेजारीपाजारी द्यायला होतात."

तिने बर्फाच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "अर्ध्या औषधाने सगळे जंतू मरत नाहीत गं. वाचतात ते निगरगट्ट होतात. माणसाच्या पोटात होतात, तसेच इथेही. दवाखान्यांचं, कारखान्यांचं, घराघरांतलं औषध नाल्यांतून येतंच आहे. तू मुठीने घातलंस."

मला राग आला. काशीत आलेल्या मावशीशी असं बोलतात? नाव काठाला लागताच तडक गल्लीत जाऊन तांबटाकडून गडूचं तोंड कथलाने झाळून बंद करून घेतलं. झाळलेला गडू मावंद्याआधी फोडायचा नाही, ही आमची रीत.

दोन दिवसांनी तिने मला प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या बशीत जंतूंचा सायीसारखा थर, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या. औषध चाललं तर टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. नाल्याच्या बशीत गोल पडलाच नव्हता. मी औषधांची नावं विचारली. त्यातली तीन मी ह्यांना स्वतःच्या हाताने दिली होती, अर्धी-अर्धी.

"आणि मधल्या धारेतलं?"

"कमी आहेत. पण तसले आहेत." मग तिने माझा हात हातात घेतला. "धडधाकट माणसाला चमचाभर पाण्याने कदाचित काही होणार नाही. काकांना मी देणार नाही. उकळून दे."

मणिकर्णिकेला जायचं राहिलं. तिकडे पायच वळले नाहीत.

घरी मावंद्याला वीस पानं मांडली. गडूची पूजा केली आणि फोडला नाही. तीर्थ म्हणून पंचामृत दिलं. ननंद सगळ्यांदेखत बोलली, "वहिनीने गंगासुद्धा कुलपात घातली!" ह्यांची ओंजळ पुढे आलेली होती. पाहुणे गेल्यावर मी सगळं सांगितलं, गोळ्यांचंही. उकळून देऊ का, विचारलं.

"उकळलेली गंगा? मग नळ काय वाईट होता?" हे म्हणाले. "मी गंगा आण म्हटलं, तू भीती घेऊन आलीस."

चार दिवस बोलले नाहीत. माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच: काशीला जरूर जा, नाव सकाळचीच करा, पण औषध घ्याल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरं घ्या. उरलं तर शेजाऱ्याला देऊ नका नि पाण्यात टाकू नका. मला हे कळायला साठी उलटली.

पाचव्या दिवशी मी ह्यांची उशी सारखी करत होते, तेव्हा ह्यांनी आपणहून विचारलं,

"मी जाईन तेव्हा तरी फोडशील ना?"

"असं का बोलता?"

"फोडशील का, ते सांग."

"फोडीन," म्हटलं.

"मग ठीक आहे," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.